मदत हवी आहे : शिडाची होडी घेतली, आता कुठला दोर कुठं बांधू?

नमस्कार मंडळी. राहणार सातारा, समुद्राशी संबंध वर्षातून एकदा गणपतीपुळ्यापुरता. तरी हौसेनं मुंबईच्या एका ओळखीच्यांकडून जुनी एंटरप्राइज होडी आणली. तेरा फुटी, दोघांची. एक मोठं शीड, पुढं एक लहान. सोबत पोतंभर दोर आणि कप्प्या. माहितीचा कागद एकही नाही. (बायको म्हणाली, यापेक्षा म्हैस आणली असती तर दावं कुठं बांधायचं ते तरी कळलं असतं.)

रविवारी पुतण्याला घेऊन कण्हेर धरणाच्या पाण्यावर गेलो. डोलकाठी उभी केली, तिन्ही तारा लावल्या. पण मोठं शीड चढवायला लागलो की बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) सटासट डोक्यावर यायचा. कसंबसं निघालो. दोर ओढून हात भरून आला म्हणून तो कडीला पक्का बांधून टाकला. डोंगराकडनं एक झोत आला आणि होडी आडवी. पाणी कमरेएवढं होतं म्हणून हसण्यावारी गेलं.

शिडं चढवायचा क्रम काय? आणि खोल पाण्यात उलटली तर?

प्रतिसाद
एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये याच होडीवर शिकलो. तुम्ही बांधलात तो मेनशीट, म्हणजे मोठं शीड आवळायचा-सोडायचा दोर. तो बांधायचा नसतो, हातातच ठेवायचा. झोत आला की सैल सोडायचा. शीड वारा टाकून देतं, होडी सरळ होते. हात भरून येत असेल तर वारा तुमच्यासाठी जास्त आहे एवढाच अर्थ. पाण्यावर पांढरे तुरे दिसले तर नवख्यानं उतरूच नये.

बूम डोक्यात येतो कारण होडीचं नाक वाऱ्याकडं नव्हतं. काठावर आधी नाक वाऱ्यात धरा. मग लहान शीड चढवून त्याचा वर चढवायचा दोर चांगला ताणा, डोलकाठीला मुख्य ताण तिथूनच मिळतो. मोठं शीड शेवटी, मेनशीट पूर्ण सैल ठेवून. लहान शिडाच्या दोरांच्या टोकाला आठाची गाठ मारा, म्हणजे ते कडीतून निसटत नाहीत. इंग्रजी आठ हं, आपला मराठी नव्हे! निघताना मागचं बूच लावलंय का ते बघा. हे सगळेच एकदा तरी विसरतात.

उलटली तर होडी सोडू नका, काठ कितीही जवळ दिसू दे. आधी एकमेकांना हाक मारा. मेनशीट सोडा. एकानं तळाच्या बाजूला जाऊन सेंटरबोर्डवर (तळातून बाहेर येणारी उभी फळी) चढायचं आणि कड धरून मागं रेलायचं. दुसऱ्यानं आतल्या बाजूनं धरून राहायचं, होडी उठताना तो आपोआप आत येतो. हे आधी उथळ पाण्यात मुद्दाम उलटवून दहादा करा.

प्रतिसाद
मी मेढ्याकडचा. डोलकाठी अॅल्युमिनियमची ना? उभी करण्याआधी वर विजेच्या तारा आहेत का बघा, होडी गाड्यावरून नेताना तर नक्कीच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुने बांध, झाडांची खुंटं वर येतात. मासेमारीची जाळीही असतात. डोंगराच्या कुशीत वारा क्षणात दिशा बदलतो, मोकळ्या पाण्यावरच शिका. धरणाच्या दरवाज्यांकडं फिरकू नका. आणि उतरण्याआधी जलसंपदाच्या कार्यालयात परवानगीचं विचारा.

धागाकर्ता
बूच! आत पाणी कुठून येत होतं ते आत्ता कळलं. गाठीचं पुतण्याला शिकवतो. लाईफ जॅकेट एक मोठं आहे, पोरगं ३५ किलोचं. चालेल का?

प्रतिसाद
नाही चालणार दादा. पाण्यात ते वर सरकतं आणि पोरगं खालून निसटतं. त्याच्या वजनाचं घ्या, सगळे पट्टे आवळा आणि दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर परत करा.