संघटनांच्या व्यावसायिक परिषदेला पहिल्यांदा जाताना तयारी कशी करावी?

प्रश्न

मी एका व्यावसायिक संघटनेच्या कार्यालयाचे काम पाहते. सभासद-संघटना आणि ना-नफा संस्था यांचा कारभार सांभाळणाऱ्यांसाठी भरणाऱ्या एका परिषदेला कार्यकारिणी मला यंदा प्रथमच पाठवत आहे. नोंदणी शुल्क आणि प्रवासखर्च सभासदांच्या वर्गणीतून होणार असल्यामुळे, या परिषदेतून संघटनेला काय मिळेल हे मला आधीच लेखी द्यायचे आहे. एकाच वेळी अनेक सत्रे चालू असतात; त्यांतून निवड कशी करावी? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

कार्यक्रमपत्रिका उघडण्याआधी आपल्या संघटनेचा न सुटलेला एक प्रश्न ठरवा, आणि तो आकड्यांसह लिहून काढा. बहुतेक संघटनांमध्ये तो सभासदत्वाच्या नूतनीकरणाचा निघतो, म्हणून त्याचेच उदाहरण घेतो. दरवर्षी ८० टक्के सभासद नूतनीकरण करत असतील आणि हा दर कायम राहिला, तर एक सभासद सरासरी ५ वर्षे संघटनेत राहतो. तोच दर ९० टक्के झाला, तर सरासरी १० वर्षे. म्हणजे दरातील १० टक्क्यांच्या फरकाने एका सभासदाकडून मिळणारी एकूण वर्गणी दुप्पट होते. कार्यकारिणीला परिषदेचा खर्च पटवून देण्यासाठी मला याहून सोपा हिशेब ठाऊक नाही.

मात्र तिथे कोणी आपला दर सांगितला, की तो कसा काढला हे आवर्जून विचारा. आजीव सभासद त्यात धरले आहेत का, मुदतीनंतर काही महिन्यांनी वर्गणी भरणाऱ्याला नूतनीकरण केलेला मानतात की नवा, आणि पहिल्याच वर्षी सोडून जाणाऱ्यांचा आकडा वेगळा काढतात का? हे समजल्याशिवाय दोन संघटनांच्या दरांची तुलना करण्यात अर्थ नाही. नव्या सभासदांची गळती तर स्वतंत्रपणेच पाहावी लागते, कारण जुन्या सभासदांच्या निष्ठेमुळे ती एकूण दरात झाकली जाते.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. सत्रांच्या निवडीबाबत थोडी भर घालतो. अशा परिषदांत देणग्यांवर चालणाऱ्या सेवाभावी संस्था आणि वर्गणीवर चालणाऱ्या संघटना एकत्र येतात, पण त्यांचा पाया वेगळा असतो. देणगीदार दुसऱ्यांसाठी पैसे देतो. सभासद स्वतःला मिळणाऱ्या सेवेसाठी देतो आणि त्याला मताधिकारही असतो. अमेरिकेच्या करकायद्यातही धर्मादाय संस्था ५०१(सी)(३) खाली आणि व्यापारी व व्यावसायिक संघटना ५०१(सी)(६) खाली येतात. त्यामुळे देणगी-संकलनावरचे सत्र कितीही गाजलेले असले, तरी आपल्याला त्याचा उपयोग बेताचाच होईल. याउलट कार्यकारिणी आणि कर्मचारी यांच्यातील अधिकारांची विभागणी, पोटनियमांतील दुरुस्त्या, शाखांशी असलेले आर्थिक संबंध, वर्गणीव्यतिरिक्तचे उत्पन्न हे विषय दिसले तर सोडू नका.

प्रदर्शनात सभासद-नोंदींच्या सॉफ्टवेअरचे विक्रेते भेटतील. करार संपल्यावर आपल्या सगळ्या नोंदी कोणत्या स्वरूपात आणि किती खर्चात परत मिळतील, हे त्यांना सर्वांत आधी विचारावे. प्रात्यक्षिक त्यानंतर पाहिले तरी चालते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आजीव सभासदांचा मुद्दा आमच्या ध्यानातच आला नव्हता. आमच्या नोंदींत ते एकत्रच मोजले जातात. आणखी एक शंका आहे. सत्रांपेक्षा भेटीगाठींना जास्त वेळ द्यावा का? आणि ओळख नसलेल्यांशी बोलणे कसे सुरू करावे?

उत्तर ३

माझे मत स्पष्ट आहे: भेटींना जास्त वेळ द्या, पण त्या आधी ठरवून घ्या. व्यासपीठावरून यशोगाथा सांगितल्या जातात. फसलेली वर्गणीवाढ किंवा बंद करावी लागलेली शाखा यांविषयी लोक समोरासमोरच बोलतात, आणि छोट्या कार्यालयाला खरी गरज त्याच माहितीची असते. प्रतिनिधींची यादी आधी मिळत असेल, तर आपल्याएवढीच सभासदसंख्या आणि कर्मचारीसंख्या असलेल्या संघटना शोधा. त्यांचे क्षेत्र वेगळे असले तरी हरकत नाही, उलट स्पर्धा नसल्याने ते मोकळेपणाने बोलतात. चार ओळींच्या पत्रात आपला प्रश्न नेमका मांडून वीस मिनिटे मागा. भेटीत आपल्या संघटनेचे आकडे आधी आपण सांगावेत, म्हणजे समोरच्यालाही आपले सांगताना संकोच वाटत नाही.

कार्यकारिणीला लेखी देताना ठरवलेला प्रश्न, आजचा आकडा आणि ज्यांना भेटणार त्या संघटनांची नावे एवढे एका पानात मांडा. परतल्यावर त्याच पानाखाली उत्तरे लिहा आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो विषय आत्ताच घालून ठेवा, कारण बैठकीत चर्चेला न आलेले अहवाल सहसा फाइलमध्येच राहतात.