दंडावर (।) स्ट्रिंग (मजकुराची ओळ) तोडताना शब्दाचे शेवटचे अक्षर का गळते?

रामबागवासी, इंदूर
नमस्कार मंडळी. इंदुरातील एका जुन्या मराठी ग्रंथालयाची सूची पीएचपी या वेब-प्रोग्रॅमिंग भाषेत वेबवर आणण्याचे काम माझ्याकडे आहे. विषयाच्या रकान्यात «नाटक।संगीत।» अशा नोंदी असून प्रत्येक विषयानंतर दंड आहे. शेवटचा दंड काढून मग एक्सप्लोडने (विभाजकावर मजकूर तोडणारे फंक्शन) तुकडे करावेत, असा माझा बेत होता. त्यासाठी मजकुराच्या दोन्ही टोकांची नको ती चिन्हे काढणाऱ्या ट्रिमला दुसरा घटक म्हणून दंड दिला, तर प्रत्येक नोंदीच्या आरंभी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटू लागले. म्हणून फक्त शेवटचे टोक छाटणारे आरट्रिम वापरले. आता «नाटक।» नीट येते, परंतु «संगीत।»चे «संगी» आणि «ग्रंथ।»चे «ग्रं» होते. सूचीत शब्दाचे एक अक्षरही कमी होऊन चालणार नाही, कारण वाचक त्याच शब्दाने शोध घेणार. हे कशामुळे होत असावे?

जुना संगणकी, बडोदे
ट्रिम आणि आरट्रिम दुसरा घटक अखंड चिन्ह म्हणून नव्हे, तर सुट्या बाइटांची यादी म्हणून वाचतात. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत दंडाचे तीन बाइट (साठवणीची लहान एकके) ई०, ए५, ए४ असे आहेत आणि «त»चे ई०, ए४, ए४. म्हणजे «त»चा प्रत्येक बाइट यादीत सापडतो, त्यामुळे दंडापाठोपाठ तोही पूर्ण खाल्ला जातो. «थ» म्हणजे ई०, ए४, ए५, त्याचीही तीच गत. «क»चा शेवटचा बाइट ९५ असल्याने तिथे काप थांबतो. देवनागरीतील प्रत्येक अक्षर ई० या बाइटाने सुरू होत असल्यामुळे ट्रिम आरंभीच्या अक्षराचे सुरुवातीचे बाइट उडवते आणि उरलेला एकटा बाइट वैध राहत नाही. प्रश्नचिन्ह येते ते त्यामुळेच.

एक्सप्लोड मात्र विभाजक अखंड जुळवते, त्यामुळे तिथे काहीही बिघडत नाही. माझ्या मते दोन्ही कामे प्रेग-स्प्लिटकडे (नमुन्यानुसार मजकूर तोडणारे फंक्शन) सोपवणे उत्तम: `/\s*।\s*/u` हा नमुना, मर्यादा उणे एक (म्हणजे तुकड्यांना मर्यादा नाही) आणि रिकामे तुकडे वगळण्याचा ध्वज (पर्याय). दंडाभोवती कुणी जागा सोडली असेल, तर तीही निघते. नुसता शेवटचा दंड काढायचा असल्यास पीएचपी ८.४पासून बाइटांऐवजी पूर्ण वर्ण पाहणारे एमबी-आरट्रिम उपलब्ध आहे.

ग्वाल्हेरहून
यात एक भर घालतो. फक्त पहिला विषय हवा असेल तर अनेक जण स्ट्रपॉसने दंडाची जागा शोधून एमबी-सबस्ट्रने कापतात, आणि तिथे घोळ होतो; स्ट्रपॉस बाइट मोजते, एमबी-सबस्ट्र वर्ण मोजते. «संगीत।»मध्ये पहिले १५ सांगेल, दुसऱ्याला ५ हवे असतात. जोडी एकाच घराण्यातली ठेवावी. शिवाय दंडच नसलेल्या नोंदीवर स्ट्रपॉस फॉल्स (म्हणजे ‘सापडले नाही’) परत करते, म्हणून तुलना तीन बरोबर-चिन्हांनी (===) करावी. तुकडे ब्राउझरमध्ये करणार असाल, तर जावास्क्रिप्टच्या स्प्लिटला मर्यादा दिल्यास उरलेला भाग फेकून दिला जातो. पीएचपीचे एक्सप्लोड तो शेवटच्या तुकड्यात राखते.

रामबागवासी, इंदूर
उत्तम उलगडा झाला, दोघांचेही आभार. प्रेग-स्प्लिट लावल्यावर «संगीत» आणि «ग्रंथ» पूर्ण आले. कापलेल्या नोंदी डेटाबेसात परत लिहिल्या गेल्या असतील, तर त्या दुरुस्त करता येतील का?

जुना संगणकी, बडोदे
गेलेला बाइट कोडने परत येत नाही. मूळ फाइल पुन्हा चढवावी, आणि त्याआधी «त» व «थ»ने संपणारे विषय मूळ प्रतीशी ताडून पाहावेत.