कॉलेजच्या सूचना पोरं वाचतच नाहीत, काय करायचं?

पोवईनाका
नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळच्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं, शिकवते. यंदा विद्यार्थी विकासचं काम माझ्या गळ्यात पडलंय, म्हणजे परमनंट मंडळी नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायलीत बुडालेली, मग राहिलं साहिलं ते आमच्याकडं. दर आठवड्याला सूचना काढायच्या. कुणाला बक्षीस मिळालं, सत्कार कधी, समुपदेशन कुठं, एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) काय चाललंय, रक्तदान, गावातली स्वच्छता, सगळं आपलंच. ऑफिसनं साचा दिलाय तो असा: "महाविद्यालयातील सर्व विद्यार्थी व विद्यार्थिनींना सूचित करण्यात येते की, मा. प्राचार्य यांच्या अध्यक्षतेखाली व मा. प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते" वगैरे वगैरे, आणि तारीख येते पार खाली, शिक्क्याच्या जरा वर.

ग्रुपवर टाकलं की निळ्या टिका दिसतात, दोनचार अंगठे येतात, आणि कार्यक्रमाला समोर रिकाम्या खुर्च्या. मग ऐनवेळी वर्गावर्गात जाऊन पोरं उठवून आणायची. आता सप्टेंबर-ऑक्टोबरात तर सगळं एकदम येतंय, २२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटील जयंती, २४ ला एनएसएस दिन, १ ऑक्टोबरला रक्तदान दिन, १० ला मानसिक आरोग्य दिन. कशी लिहू म्हणजे पोरं वाचतील? ग्रुपवर टाकू का बोर्डावर लावू? आणि समुपदेशनाच्या सूचनेला तर आजवर एकानं पण विचारलेलं नाही, हे मला जास्त खटकतंय.

भडंगप्रेमी
मॅडम मी सांगलीत टीवायला (तिसऱ्या वर्षाला) आहे, खरं सांगू का, राग मानू नका. आम्ही पहिली ओळ बघतो आणि पुढं ढकलतो. पहिल्या ओळीत 'मा.' दिसला की समजतो हे आपल्यासाठी नाही, हे पाहुण्यांसाठी लिहिलंय. कधी, कुठं, किती वेळ, जेवायला काय हाय का, एवढं सांगा की वर. आणि फोटोत तर सत्कार झालेली पोरगी एका कोपऱ्यात अर्धी कापलेली आणि मधे सगळे फेटेवाले, मग तिनं तरी स्टेटसला काय म्हणून ठेवायचा तो फोटो.

दुसरं म्हणजे टायमिंग. आमच्यात निम्मी पोरं तासगाव, कवठेमहांकाळ, आष्टा साइडची एसटी पासवाली. दुपारी एक गाडी चुकली की डायरेक्ट अंधारात घरी, आणि पोरींच्या घरचे तर लगेच फोन चालू करतात. तुम्ही कार्यक्रम ठेवणार ४ वाजता आणि मग म्हणणार की आजकालच्या पोरांना समाजकार्यात रस नाही. रस हाय ओ, गाडी नाही.

कृष्णाकाठचा_म्हातारा
वरच्या पोरानं गाडीचं बरोबर सांगितलंय. मी सांगली भागात बरीच वर्षं एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी होतो, आता निवृत्त. ताई, नोटीस कशी असावी हे बघायचं असेल तर पावसाळ्यात सांगलीत या. आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याची पातळी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतं. "आयर्विन ३८ फूट, पाणी वाढतंय" एवढा एक मेसेज आला की अख्खी गल्ली सामान माडीवर चढवते. त्यात अध्यक्ष नाही, शुभहस्ते नाही. आकडा, जागा, वेळ आणि काय करायचं, बास.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्यावेळी कॉलेजं बंद, नेट बंद, कसलं परिपत्रक आणि कसला साचा. पाणी उतरल्यावर एकानं दुसऱ्याला फोन करून पोरं जमली. हातात खराटं आणि फावडी, घराघरातला चिखल काढला, भिजलेल्या गाद्या वाहून रस्त्यावर टाकल्या, वासानं डोकं दुखायचं. त्यातली कितीतरी पोरं एनएसएसला नावपण न घातलेली. म्हणून पोरांना समाजाचं काय पडलेलं नाही ही भाषा मला पटत नाही. काम डोळ्याला दिसलं पाहिजे, मग येतात.

आता एनएसएसबद्दल. २४ सप्टेंबर १९६९ ला गांधी शताब्दीच्या वर्षात ही योजना सुरू झाली, तेव्हा देशभरातली ३७ विद्यापीठं आणि ४० हजाराच्या आसपास पोरं होती. नियम आहे वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. आता नवीन शैक्षणिक धोरणात कम्युनिटी एंगेजमेंटला, म्हणजे समाजात जाऊन केलेल्या कामाला, क्रेडिट आलंय, एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे दोन क्रेडिटचा प्रोजेक्ट असेल तर ६० तास. तुमच्या सूचनेत हे तास लिहा की. "स्वच्छता मोहीम" म्हणण्यापेक्षा "रविवारी सकाळी ७ ते ११, चार तास धरले जातील, खोरी-फावडी आपण देणार, पाण्याची बाटली आणि टोपी स्वतःची" असं लिहिलं तर पोरगं हिशोब करतं. हिशोब करतंय म्हणून त्याला स्वार्थी म्हणू नका, आपण पण टीए-डीए बघूनच शिबिराला जात होतो.

आणि एक, जे फार कमी जण करतात. काम झाल्यावर काय झालं ते पण कळवा. माण-खटावच्या दुष्काळी भागात पोरांनी पाणी अडवायला समतल चर खणले तर पहिल्या वळवानंतर त्यात पाणी साठलेला फोटो ग्रुपवर टाका, आणि तीच सूचना गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पण लावा. उद्घाटनाचे फोटो चाळीस आणि पाण्याचा एकपण नाही, असं असतं बहुतेक ठिकाणी.

कराडकर_ताई
समुपदेशनाबद्दल लिहिते, माझं कामच ते आहे. पोवईनाका, तुमच्या सूचनेला कुणी विचारलं नाही याचं कारण बहुतेक सूचनेतच आहे. "मानसिक समस्या असणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत" अशी वाक्यं मी स्वतः बोर्डावर वाचलेली आहेत. कोण देईल नाव? वर्गशिक्षक संध्याकाळी त्याच गल्लीत भाजी घ्यायला भेटतात. किंवा गूगल फॉर्म काढतात आणि त्याची शीट सगळ्या स्टाफला उघडी. पोरांना हे बरोब्बर कळतं.

त्यापेक्षा जे होतं तेच लिहा. झोप लागत नाही, जेवण जात नाही, एटीकेटी लागलीय (विषय राहिलेत) आणि घरी सांगितलेलं नाही, ब्रेकअप झालाय, रूमवर एकटं वाटतं, परीक्षेच्या आधी छातीत धडधडतं. मग खोली कुठं, कुठल्या दारानं यायचं (ऑफिससमोरून जायला लागत असेल तर खोली बदला बाई आधी), कोणते वार, किती ते किती, आधी नाव नोंदवायची गरज नाही. आणि मेन म्हणजे: जे बोलाल ते घरी किंवा सरांना सांगितलं जाणार नाही, जिवाला धोका आहे असं वाटलं तरच, आणि ते पण तुम्हाला सांगून, दुसऱ्याची मदत घेतली जाईल. हे शेवटचं पण लिहायचंच. "काहीच कुणाला सांगणार नाही" असं खोटं वचन द्यायचं नाही.

प्राचार्य ऐकत नसतील तर त्यांना सांगा की २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं याच्यावर मार्गदर्शक सूचना दिल्यात. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यवाला नेमायचा, कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. हॉस्टेल, वर्ग, वेबसाइट सगळीकडं हेल्पलाइन नंबर मोठ्या अक्षरात लावायचे. स्टाफला वर्षातून दोनदा ट्रेनिंग. तेव्हा हा काय तुमचा हट्ट नाही.

नंबर लावायचा तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. २०२२ च्या १० ऑक्टोबरलाच सुरू झालंय, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि तो फक्त बोर्डावर नको, संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. हसू नका, तिथं वाचताना कुणी बघत नाही. बोर्डासमोर उभं राहून कोण नंबर उतरवून घेईल.

माणदेशी
सत्काराचं राहिलंच की. मी कमवा आणि शिकामधून, म्हणजे कॉलेजातच काम करून, शिकलो. कर्मवीर अण्णांनी १९१९ ला कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली तेव्हापासून 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हेच चाललंय, त्यामुळं साताऱ्यात काम करून शिकण्याची लाज कुणाला नाही. पण सत्कार कोणाचा होतो बघा. पहिला, दुसरा, तिसरा. जे पोरगं सकाळी लायब्ररी झाडून, दुपारी प्रॅक्टिकल करून, सुट्टीला ऊसतोडीच्या आईबापाकडं जाऊन परत येतं आणि ५८ टक्के काढतं, त्याचं नाव कुठल्या नोटिशीत आलेलं मी तरी नाही बघितलं.

भडंगप्रेमी
माणदेशी भावा पटलं पण मेरिटवाल्यांनी काय पाप केलंय? माझी बहीण पहिली आली होती तर घरात पेढे वाटले, तिचं नाव बोर्डावर लागलं म्हणून वडील मुद्दाम मिरजेतनं बघायला आले होते. ते काढून टाकायचं का आता?

माणदेशी
काढा कुठं म्हणलंय मी, अजून चार नावं जोडा म्हणलंय. वाचून तर बघ की लेका.

कराडकर_ताई
पहिल्यांचं कौतुक राहू दे. पण पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत मार्कांची अख्खी यादी ग्रुपवर टाकायचं बंद करा, नापासांच्या नावाला लाल रंग मारून टाकतात ते तर फारच वाईट. वर म्हणलेल्या कोर्टाच्या सूचनांमध्ये असं चारचौघात लाजवायचं टाळा हे पण आहे. ज्याचा निकाल त्याला.

आणि माणदेशी, तुमच्या मुद्द्याला एक जोड. कमवा-शिकावाल्याचा सत्कार करताना "गरीब, होतकरू, प्रतिकूल परिस्थितीवर मात" हे शब्द त्याला विचारल्याशिवाय छापू नका. एखाद्याला अभिमान असतो, एखादीला वर्गात कुणालाच माहीत नसतं की ती मेसमध्ये काम करते. आधी मजकूर दाखवायचा, हो म्हणाली तर फोटो. नाही म्हणाली तर ऑफिसात बोलावून पत्र आणि पुस्तक हातात द्यायचं, तो पण सत्कारच आहे.

माणदेशी
हे मान्य. आमच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं, मला चाललं पण माझ्या रूमपार्टनरनं तो पेपर फाडून टाकला होता.

कृष्णाकाठचा_म्हातारा
पत्रावरून आठवलं. सर्टिफिकेटवर "उल्लेखनीय कार्याबद्दल" असं सगळ्यांना एकच छापतात. काय केलं ते लिहा. "हरिपूर रस्त्यावर वृक्षगणना केली, नोंदवही सांभाळली." पुढं नोकरीच्या मुलाखतीत साहेबानं विचारलं तर पोराला सांगता येतं. आणि नोंदवही सांभाळणारा, माईक लावणारा, खुर्च्या उचलणारा, हे नेहमी राहतात. भाषण करणाऱ्याला मिळतं.

पोवईनाका
सगळ्यांचे आभार, एवढं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं. साच्याबद्दल प्राचार्यांशी बोलले. ते म्हणाले फाइलला जुना मजकूर लागतोच, नॅकला दाखवायला, पण ग्रुपवर आणि बोर्डावर तुम्हाला हवं तसं टाका. म्हणजे दोनदा लिहायचं, चालेल. समुपदेशनाची खोली पण बदलून मागितलीय, लायब्ररीच्या मागची मिळेल असं दिसतंय. रक्तदानाची सूचना अशी केलीय, बघा जरा:

"रक्तदान. १ ऑक्टोबर, सकाळी १० ते १, जिमखाना हॉल. एका माणसाला साधारण अर्धा तास. वय १८ पूर्ण पाहिजे. कॉलेजचं ओळखपत्र आणा. मेढा, कोरेगाव, रहिमतपूरवाल्यांनो, १ नंतर कुणालाही थांबवणार नाही. रक्त दिलं नाही तरी नाव लिहायला, चहा द्यायला माणसं हवीत, त्याचे पण तास धरणार."

भडंगप्रेमी
एक नंबर मॅडम. आता मी पण वाचली असती.

कराडकर_ताई
छान झालीय, पण नियम पूर्ण टाका, नाहीतर पोरी रांगेत उभ्या राहून परत जातात आणि सगळ्यांसमोर "तुझं रक्त कमी" ऐकायला लागतं. वजन कमीत कमी ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. आधीच्या रक्तदानाला मुलांचे ९० दिवस आणि मुलींचे १२० दिवस झालेले पाहिजेत. पाळी चालू असेल तर त्या दिवसात घेत नाहीत. आणि उपाशीपोटी यायचं नाही, हे सगळ्यात मोठ्या अक्षरात, कारण बऱ्याचदा त्याच सुमाराला नवरात्र असतं, पोरींचे नऊ दिवसांचे उपवास, एक कप चहावर आलेल्या असतात आणि मग चक्कर.

अजून एक, ज्या मुलींचं हिमोग्लोबिन कमी निघेल त्यांना नुसतं परत पाठवू नका. गोळ्या कुठं मिळतात, सिव्हिलला कुठल्या ओपीडीत दाखवायचं, याची चिठ्ठी तयार ठेवा आणि बाजूला घेऊन द्या. आपल्याकडं कॉलेजच्या पोरींत रक्त कमी असणं इतकं कॉमन आहे की तुमच्या शिबिरात रक्त जितकं जमेल तितकंच हे काम पण मोठं होईल.

माणदेशी
आणि १ ऑक्टोबरलाच सगळं उरकू नका ओ मॅडम. तेव्हा सगळीकडंच शिबिरं असतात. खरी टंचाई दिवाळीच्या सुट्टीत आणि एप्रिल-मेमध्ये, कॉलेजं बंद असतात तेव्हा. गावाकडं जाणाऱ्या पोरांची रक्तगटाची यादी करून ठेवा, ज्यांना चालेल त्यांचीच, आणि ती ग्रुपवर न टाकता तुमच्याकडं ठेवा.

पोवईनाका
टाकते सगळं. उपवासाचं तर लक्षातच आलं नसतं. चिठ्ठीसाठी सिव्हिलला उद्या फोन करते, आणि यादीचं वहीत करणार, शीटमध्ये नाही.

कृष्णाकाठचा_म्हातारा
वही चांगली. बाकी रक्तपेढीच्या लोकांना ९ ची वेळ सांगा, म्हणजे १० ला येतील. आणि कॉट किती आणणार ते आधी विचारून घ्या, तीन कॉटवर शंभर पोरं बोलावली तर ती एसटीवाली आधी उठून जातात.