मदत हवी आहे: व्होल्टेज उतरल्यावर इस्त्री करंट जास्त ओढते की कमी?

इस्त्रीवाली_सोलापूर

नमस्कार. अशोक चौकाजवळ घराला लागूनच आमचं लाँड्रीचं छोटं दुकान आहे. कोळशाची इस्त्री सोडून १००० वॅटची विजेची घेतली. सकाळी चांगली तापते. पण संध्याकाळी बोअरची मोटर चालू असली की सुती सदऱ्याची कॉलर तीन-तीनदा दाबावी लागते. लग्नसराईत गिऱ्हाइकाला दिलेली वेळ पाळता येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

वायरमन म्हणाले, "व्होल्टेज घसरलं की अँपिअर वाढतात. कॉइल जळेल, स्टॅबिलायझर बसवा." मुलगी दहावीला आहे. ती म्हणते, ओहमच्या नियमाप्रमाणे व्होल्टेज कमी तर करंटही कमीच. वायरमनांची उमर मोटरी दुरुस्त करण्यात गेली, त्यांचं चूक कसं म्हणू? आणि पोरीचं गणितही बरोबर दिसतंय.

म्हणून क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा धरून करंट मोजायचं यंत्र, मागून आणला. आधी अख्खी केबल चिमट्यात धरली तर काटेकोर शून्य, कारण जाणारा आणि परत येणारा करंट एकमेकांना खोडतात! मग वायरमनांनीच एक वायर वेगळी काढलेला बोर्ड करून दिला, त्यावर मोजलं.

सकाळी २३२ व्होल्ट असताना इस्त्री ४.३ अँपिअर, मोटर ६.९ अँपिअर. संध्याकाळी दोन्ही चालू असताना १९८ व्होल्ट, इस्त्री ३.७ आणि मोटर ७.८.

एकीचा करंट उतरला, दुसरीचा चढला. खरं कोणाचं? स्टॅबिलायझर घ्यायचा का?

विज्ञान_शिक्षिका

ताई, तुमची लेक इस्त्रीबद्दल बरोबर आहे आणि वायरमन मोटरीबद्दल.

व्होल्टेजला करंटने भागा. सकाळी २३२ भागिले ४.३ म्हणजे साधारण ५४ ओहम. संध्याकाळी १९८ भागिले ३.७, पुन्हा जवळपास तेवढेच. इस्त्रीत नायक्रोमची तार असते आणि तापली तरी तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, फारसा बदलत नाही. रोध तोच, व्होल्टेज कमी, म्हणून करंट कमी. कॉइल जळण्याचा प्रश्नच नाही.

आता पॉवर, म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. सकाळी ९९८ वॅट, संध्याकाळी ७३३. व्होल्टेज १५ टक्केच उतरलं, पण उष्णता चौथ्या हिश्शाहून जास्त गेली, कारण व्होल्टेजबरोबर करंटही उतरला. कॉलर का बसत नाही ते इथे कळतं.

लेकीला एक सांगा, हे सगळीकडे असं चालत नाही. २३० व्होल्टचा १०० वॅटचा पिवळा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो, पण गार असताना मल्टिमीटर लावला तर चाळीसच्या आसपास दाखवतो. टंगस्टन तापलं की त्याचा रोध कितीतरी पट वाढतो.

रिवाइंडिंगवाला

मोटरीचं मी सांगतो. तिला पाणी तेवढंच वर चढवायचं असतं. व्होल्टेज कमी पडलं की वेग जरा उतरतो आणि ती करंट जास्त घेते. जास्त करंटने वाइंडिंग तापतं. आमच्याकडे उन्हाळ्यात जळालेल्या मोटरी येतात त्या बहुतेक अशाच. मोटरीला २३२ गुणिले ६.९ करून १६०० वॅट म्हणू नका, खरे वॅट त्याहून कमी असतात, पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खरा वापरला जाणारा हिस्सा, धरावा लागतो. आणि व्होल्ट भागिले अँपिअर केलं तर वाइंडिंगचा रोधही मिळत नाही.

पण ताई, स्टॅबिलायझर आत्ता घेऊ नका. मोटर बंद ठेवा, एकटी इस्त्री लावा. वायरमनांना विजेच्या मीटरपाशी आणि दुकानातल्या प्लगपाशी व्होल्टेज मोजायला सांगा. तुम्ही स्वतः मीटरपाशी हात घालू नका.

इस्त्रीवाली_सोलापूर

मोजलं. मीटरपाशी २२६, प्लगवर २१९, करंट ४.१.

रिवाइंडिंगवाला

वाटेतच ७ व्होल्ट गेले. ७ भागिले ४.१ म्हणजे १.७ ओहम. घरातल्या एवढ्याशा तांब्याच्या वायरला इतका रोध नसतो. नक्की कुठेतरी जोड सैल आहे. मोटर सुरू झाली की त्याच वाटेने साडेअकरा अँपिअर जातात, तेव्हा १९-२० व्होल्ट तिथेच संपतात आणि त्यांची उष्णता होते, दोनशे वॅटच्या आसपास. आधी मेन स्विच बंद करून फ्यूज आणि जोड उघडून बघायला लावा. आजच. हे आगीचं काम आहे.

इस्त्रीवाली_सोलापूर

दादा, कटआउटच्या (फ्यूज बसतो त्या खाच्याच्या) आत वायरचं टोक काळं पडलं होतं, इन्शुलेशन वितळून स्क्रूला चिकटलेलं. स्क्रू बोटानेही फिरत होता. वायरमनांनी टोक कापून नवं बसवलं, कटआउटही बदललं. स्टॅबिलायझरची गरज नाही, असं तेच म्हणाले.

काल संध्याकाळी मोटर चालू असताना प्लगवर २१० व्होल्ट आले, इस्त्री ३.९ अँपिअर. मुलीने लगेच वहीत मांडलं, ८१९ वॅट. सकाळइतकी तापत नाही, पण कॉलर दुसऱ्या दाबात बसते. मोटर आता रात्री कपडे संपल्यावर लावतो.

पोरगी गार बल्ब मोजायचा म्हणून मागे लागली आहे. बल्ब होल्डरमधून काढून हातात घेऊन मोजला तर चालेल ना?

विज्ञान_शिक्षिका

चालेल, तसाच मोजायचा. मल्टिमीटरचा गोल खटका ओहमवर ठेवा आणि बल्ब नुकताच विझवलेला नको, पूर्ण गार होऊ द्या.