ओ-थ्री लावूनही फरक का पडत नाही?

जीसीसी या कंपायलरला (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) प्रोग्रॅम वेगवान करायला सांगताना ओ-टू या पर्यायाऐवजी त्यावरचं ओ-थ्री लावलं तरी प्रोग्रॅम तेवढाच वेळ घेतो, असं एकाने विचारलंय. होतं असं. ओ-थ्री लूप आणि इनलायनिंगवर (फंक्शनचा कोड बोलावलेल्या जागीच टाकणं) जास्त जोर देतं. कोड फुगून कॅशेत (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) मावेनासा झाला की उलट वेग घटतो. शिवाय जीसीसी १२ पासून (२०२२) ओ-टूमध्येही थोडं व्हेक्टरायझेशन (एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर काम) आपोआप होतं.

'एम-आर्क नेटिव्ह' (कंपाइल होतंय त्याच मशीनच्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा पर्याय) मात्र जपून वापरा. इथे सोलापुरात एका चादर कारखान्यासाठी जॅकार्डचं (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचं) डिझाइन काढणारा प्रोग्रॅम मी घरच्या नव्या मशीनवर तसा कंपाइल केला आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर नेला. सुरू होताच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' (प्रोसेसरला न कळणारी सूचना) येऊन बंद! कारखान्याची माणसं माग थांबवून बसली होती, फार वाईट वाटलं. 'नेटिव्ह'ऐवजी जिथे चालवायचंय तिथल्या प्रोसेसरचं नाव द्या.

दशांशातले हिशेब असतील तर 'फास्ट मॅथ' (अचूकतेचे नियम सैल करून वेग वाढवणारा पर्याय) नकोच. बेरजेचा क्रम बदलतो, उत्तरही बदलू शकतं.

मला खरा फायदा प्रोफाइलने (प्रोग्रॅमचा कोणता भाग किती वेळा चालतो याची नोंद) झाला. आधी 'प्रोफाइल जनरेट' लावून कंपाइल करायचं, रोजचंच काम त्यावर चालवायचं, मग 'प्रोफाइल यूज' लावून पुन्हा कंपाइल. पण त्याआधी 'पर्फ' (प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते तपासायचं लिनक्सचं साधन) चालवून बघा. वेळ डिस्कची वाट बघण्यात जात असेल तर यातलं काहीच कामाला येणार नाही.