थर्मोस्टॅट काढला आणि आळ आला गिअरबॉक्सवर

बावडेकर
गाडी तापली की थर्मोस्टॅट (इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकायचा, ही आपल्याकडची सवय ऑटोमॅटिक गाडीला महागात पडते, असं माझं मत झालंय. सांगतो का ते.

मे महिन्यात कोकणातून येताना करूळ घाटात माझी जुनी पेट्रोल ऑटोमॅटिक तापली. चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी ऑइलमधून इंजिनची ताकद गिअरबॉक्सला पोचते ती). कोल्हापुरात एका मिस्त्रींनी अडकलेला थर्मोस्टॅट काढला आणि "आपल्या हवेत लागतोय कुठं" म्हणाले. पावसाळा बरा गेला. डिसेंबरात सकाळी कागलकडे निघालो की गाडी चौथा गिअरच घेईना. ऐंशीच्या वेगाला पूर्वी २२०० आरपीएम असायचे, ते ३१०० झाले. ॲव्हरेज १४ वरून १० वर. गंमत म्हणजे तावडे हॉटेलच्या गर्दीत अर्धा तास रांगलं की पुढे दोन-चार किलोमीटर चौथा पडायचा, मग परत गायब.

दुसऱ्या एका गॅरेजनं गिअरबॉक्स उतरवायचे पाऊण लाख सांगितले. मी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून हायवेला निघालो. कूलंट ५२ अंश! नव्वदच्या आसपास पाहिजे. थर्मोस्टॅट नाही, म्हणून पाणी सतत रेडिएटरमधून फिरून वाऱ्यानं गार होत होतं; गर्दीत वारा नसला की तेवढं तापायचं. इंजिन गार आहे असं दिसलं की अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर वरचा गिअर आणि कन्व्हर्टरचं लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणं) रोखून धरतो, वर पेट्रोलही जास्त सोडतो. गिअरबॉक्स बिचारा हुकूम पाळत होता.

उद्यमनगरचा फिटर
दादा, तीस वर्षं हेच काम करतोय. घाटात थर्मोस्टॅट बंद अडकला म्हणून हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलेल्या गाड्या किती बघितल्या, मोजदाद नाही. तो काढला म्हणून इंजिन उडालेलं एकबी नाही. आमच्याकडच्या जुन्या डिझेल जीपा थर्मोस्टॅटशिवाय म्हाताऱ्या झाल्या. कोल्हापुरात काय बर्फ पडतोय? तुमच्या गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललंय ते सांगा आधी.

बावडेकर
जीपेला गिअर तुम्ही हातानं टाकता, तिला तापमान कुणी विचारत नाही. इथं गिअर कॉम्प्युटर ठरवतो, आणि तो आधी तापमान बघतो. ऑइल ७० हजार किलोमीटरचं, हे कबूल. डिपस्टिकवर तांबूस-काळपट होतं, पण जळका वास नव्हता. आणि ऑइल खराब असतं तर गर्दीत तापल्यावर गिअर जास्त घसरला असता. इथं तर तापल्यावरच नीट पडतोय.

राजारामपुरी ५वी गल्ली
ॲव्हरेजचं कारण मला पटत नाही. नोव्हेंबर ते मार्च उसाचा सीझन. दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागून वीसच्या वेगानं जायचं, ओव्हरटेकला पाय दाबायचा, पुन्हा ब्रेक. माझ्या मॅन्युअल गाडीचंही ॲव्हरेज दोनेकनं पडतं, तिचा थर्मोस्टॅट जागेवर आहे. तुम्ही मोजलंत कसं? डॅशबोर्डवरचा आकडा की टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल? आणि जॅक लावून चाकं हातानं फिरवून बघितलीत का? ब्रेक धरून राहिले तरी हेच होतं.

बावडेकर
टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, एकाच पंपावर. चाकं बघितली, मोकळी आहेत. उसाचं मात्र मान्य, मी ते धरलंच नव्हतं. पण ट्रॉलीमुळे ॲव्हरेज पडेल, मोकळ्या हायवेला चौथा गिअर कसा अडेल?

एएमटीवाला
माझी पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना धक्का मारते. मीही थर्मोस्टॅट बघू का?

उद्यमनगरचा फिटर
नको. एएमटी म्हणजे आपला साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबायला माणसाच्या पायाऐवजी मशीन. क्लच किती झिजलाय ते बघा, स्कॅनरनं क्लचचं लर्निंग करून घ्या, म्हणजे झिजलेला क्लच कॉम्प्युटरला नव्यानं ओळखायला लावा. यांचं दुखणं वेगळं.

बावडेकर
बघा, तुम्हीच वेगळं म्हणालात! रविवारी नवीन थर्मोस्टॅट आणला. बसवायच्या आधी चहाच्या पातेल्यात दोऱ्यानं लटकवला, शेजारी थर्मामीटर. त्याच्या पितळी कडेवर ८२ कोरलंय. ऐंशीपर्यंत ढिम्म, मग हळूच फट पडली, नव्वदच्या पुढं चांगला उघडला. (पातेलं आता गाडीच्या सामानात जमा झालंय, घरी परत घेतलं जाणार नाही.) हवा निघायची बारीक पिन वर ठेवून बसवला. काल सकाळी निपाणीला जाऊन आलो. चार किलोमीटरच्या आत चौथा पडला, कूलंट ८८ वर स्थिर. ॲव्हरेज १३.६.

राजारामपुरी ५वी गल्ली
एका टाकीवर निकाल? मोकळ्या रस्त्याची फेरी होती ती. सीझन संपल्यावर पुन्हा मोजा, मग बोलू.

उद्यमनगरचा फिटर
चौथा पडला ते खरं मानतो. पण एक बाजू ऐका. रात्री नऊला गगनबावड्यावरून पोरंबाळं घेऊन माणूस येतो, गाडी वाफ सोडतीय, दुकानं बंद. मी त्याला थर्मोस्टॅट काढूनच वाटेला लावणार, आजबी आणि उद्याबी.

बावडेकर
लावा की. फक्त बिलाच्या मागे लिहून द्या, "थर्मोस्टॅट काढलाय, आठवड्यात नवीन बसवणे". मला कुणी लिहून दिलं नाही म्हणून मी सात महिने विसरलो.

उद्यमनगरचा फिटर
लिहून देतो. पण तुमचं ते ७० हजारचं ऑइल बदला आता. मशीन लावून फ्लश करू नका, ड्रेन प्लग सोडून निघेल तेवढं काढायचं आणि तेवढंच भरायचं. पॅन खोलला तर चुंबकाला राखेसारखा गाळ असणारच, त्याला घाबरू नका. धातूचे कण लागले तर मात्र फोटो टाका.