रोड बाइक अचानक जड चालू लागली आहे. दोष नेमका कुठे शोधावा?

पहाटस्वार

नमस्कार. मी पुण्यात बाणेरला राहतो. चार वर्षे हायब्रिड सायकल चालवल्यानंतर गेल्या डिसेंबरात ओळखीच्या एकांकडून वापरलेली रोड बाइक घेतली. फ्रेम ॲल्युमिनियमची आहे, ब्रेक साधे रिमवर लागणारे आहेत आणि चाके क्विक रिलीजची, म्हणजे दांडी उघडून पान्ह्याविना निघणारी आहेत. दर रविवारी जुन्या मुंबई–पुणे महामार्गाने देहूरोड, तळेगाव, वडगाव करत कामशेतपर्यंत जाऊन परतायचे, हा माझा ठरलेला फेरा आहे. मे महिन्यापर्यंत त्यात ताशी २५ किलोमीटरची सरासरी सहज मिळत असे. आता जुलैत २१ गाठतानाही दम लागतो आणि पायडल मारणे थांबवले की मागून कोणी कॅरियर धरून ठेवल्यासारखी सायकल मंदावते.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. पावसाळ्याआधी एका दुकानात पूर्ण सर्व्हिसिंग करून घेतले. त्यानंतर जूनमध्ये ट्रकच्या फाटलेल्या टायरमधील बारीक तारांमुळे तीन पंक्चर झाली, म्हणून २५ मिलिमीटरचे मूळ टायर काढून २८ मिलिमीटरचे जाड टायर बसवले आणि आतून पंक्चर-रोधक पट्टीही टाकली. हवा मी दर रविवारी अंगठ्याने दाबून पाहतो आणि ती कडक लागते. दुकानदाराच्या मते चाकेच हलक्या दर्जाची आहेत व नवीन जोडी घ्यावी. खर्चात पडण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे. माझे वजन ७२ किलो आहे. सायकल, बाटल्या आणि अवजारे धरून एकूण ८५ किलो भरते.

घाटमाथा

चाकांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. जुलैत वारा पश्चिमेकडून वाहतो आणि कामशेतला जाताना तो तुमच्या तोंडावर असतो, हे प्रथम हिशेबात धरावे. जातानाची आणि येतानाची सरासरी वेगवेगळी काढून पाहिली आहे का? येताना मे महिन्याइतकाच वेग मिळत असेल, तर सायकलीची चौकशी करण्याचे फारसे कारण उरत नाही. शिवाय त्या रस्त्यावर डोळ्यांना सपाट दिसणारे पण प्रत्यक्षात चढणारे कित्येक लांब पट्टे आहेत आणि समोरून वारा असला की तेच पट्टे घाटासारखे वाटतात.

आरे आणि तारा

वाऱ्याचा मुद्दा रास्त आहे, पण पायडल थांबवताच सायकल मंदावते हे लक्षण केवळ वाऱ्यावर ढकलता येणार नाही. कोणती गोष्ट पायांची किती शक्ती खाते याचा ढोबळ अंदाज समोर असला की शोध सोपा होतो, म्हणून ८५ किलो वजन आणि ताशी २५ किलोमीटर वेग धरून हिशेब मांडतो. वारा पडलेला असताना हवा कापण्यासाठी साधारण ६५ ते ७० वॅट लागतात; समोरून ताशी अवघ्या १० किलोमीटरचा वारा आला की हाच आकडा १३०च्या आसपास जातो. एक टक्क्याचा चढ, जो डोळ्यांना दिसतही नाही, आणखी ५८ वॅट मागतो. चांगल्या, लवचिक टायरचे घर्षण ३० वॅटच्या आत राहते, तर जाड टायर, त्यात पट्टी आणि वर कमी हवा असा योग जुळला की ते सहज ५०च्या पुढे जाते. तेल घातलेली स्वच्छ साखळी आणि काळी, कोरडी साखळी यांत काही वॅटचाच फरक पडतो. बेअरिंग धड असतील तर त्यांचा वाटा एक-दोन वॅटचा असतो. नवीन चाकांनी मिळणारा फायदा या यादीत बराच खाली येतो.

आता तुमच्या अंगठ्याविषयी. अरुंद टायर ५० पीएसआयलाही (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) अंगठ्याला दगडासारखा लागतो आणि आत पट्टी असेल तर रस्त्याला टेकणाऱ्या भागावरून दाबताना ती पट्टीच हाताला लागते, त्यामुळे या परीक्षेवर अजिबात विश्वास ठेवू नये. मापक असलेला पंप घ्यावा. तुमच्या वजनाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे साधारण ७५ आणि पुढे ७० पीएसआय पुरेसे आहे. टायरच्या कडेवर छापलेला कमाल आकडा गाठण्याचा मोह मात्र टाळावा, कारण आपल्या खडबडीत डांबरावर अति कडक टायर उसळत राहतो आणि ती उसळीही तुमच्याच पायांतून वजा होते.

दोष सायकलीत आहे की बाहेर, हे ठरवण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे पायडल न मारता उतार सोडून पाहणे. वारा नसलेल्या पहाटे एखादा लहान उतार निवडावा, ठरलेल्या खुणेपासून धक्का न देता सायकल सोडावी, अंगाची ठेवण दर वेळी सारखी ठेवावी आणि ती कुठे थांबते ते पाहावे. मग एका वेळी एकच बदल करून हाच प्रयोग पुन्हा करावा. दोन बदल एकदम केले की श्रेय कोणाला द्यायचे ते कळत नाही.

जुना पान्हा

मी नाशिकला असतो आणि तरुणपणी काळ्या रोडस्टर सायकली खोलण्यात बराच काळ घालवला आहे. वरील हिशेब मला मान्य आहे, पण सर्व्हिसिंगनंतर सायकल जड झाली असे कोणी सांगितले की माझा हात आधी मागच्या ॲक्सलकडे जातो. सायकल उलटी न करता कोणाला तरी सीटला धरून उचलायला सांगा आणि मागचे चाक हलकेच फिरवा. ब्रेकचे रबर एका बाजूला घासत असेल तर दर फेऱ्याला चर्र असा आवाज येईल आणि रिमवर त्या बाजूला काळा पट्टा दिसेल. आवाज नसेल तर चाक थांबते कसे ते पाहा. मोकळ्या बेअरिंगचे चाक थांबताना जड बाजू खाली येऊन झोपाळ्यासारखे मागे-पुढे दोन-चार हेलकावे घेते. कोन, म्हणजे ॲक्सलवर आट्यांनी बसणारे आणि बेअरिंगचे छर्रे जागी धरणारे शंकूसारखे भाग, जास्त आवळलेले असतील तर चाक हेलकावा न घेता जागच्या जागी थबकते.

यातली मेख अशी आहे की क्विक रिलीजची दांडी बंद केल्यावर ॲक्सल किंचित दाबला जातो आणि कोन आणखी घट्ट बसतात. म्हणून चाक हातात असताना ॲक्सलला अगदी केसभर खेळ ठेवायचा असतो आणि दांडी आवळल्यावर तो खेळ नाहीसा व्हायला हवा. घाईत काम करणारा कारागीर हातातच खेळ शून्य करून देतो. चाक हातात मुलायम फिरते, सायकलीत बसवले की अडखळते. मात्र आधी तुमचा हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, सुट्या छर्ऱ्यांचा आहे की सीलबंद बेअरिंगचा, ते पाहून घ्या, कारण सीलबंद असेल तर हे सगळे बऱ्याच अंशी लागू होणार नाही.

जाता जाता एक विचारतो. सीटची उंची हायब्रिडसारखीच, म्हणजे दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी ठेवली आहे का? पायाची आतली, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतची लांबी गुणिले ०.८८३ एवढे अंतर पायडल ज्याभोवती फिरतात त्या मधल्या ॲक्सलच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंत असावे, असा एक जुना ठोकताळा आहे. सीट खाली असली की गुडघे भरून येतात आणि माणूस दोष सायकलीला देतो.

पहाटस्वार

सर्वांचे आभार. दहा दिवस एकेक गोष्ट तपासून आज सविस्तर लिहीत आहे.

जाताना आणि येतानाच्या नोंदी वेगळ्या केल्यावर जातानाची सरासरी १८ आणि येतानाची २४ निघाली. म्हणजे वाऱ्याचा वाटा मोठा होताच, पण वारा पाठीशी असूनही मे महिन्याइतका वेग येत नव्हता. पंपाचे मापक लावले तर मागे ४८ आणि पुढे ५२ पीएसआय भरले, आणि हा तोच टायर होता जो मी आदल्याच दिवशी अंगठ्याने दाबून उत्तीर्ण केला होता. आमच्या सोसायटीमागच्या उतारावर पहाटे साडेपाचला प्रयोग केला. पहिल्या खेपेस सायकल दुसऱ्या विजेच्या खांबाजवळ थांबली. हवा ७५ आणि ७० केल्यावर ती तिसऱ्या खांबाच्या बरीच अलीकडे थांबली. पट्टी काढल्यावर तिसरा खांब गाठला.

मग मागचे चाक उचलून पाहिले. ब्रेक घासत नव्हता, पण चाक खरोखरच झोका न घेता थबकले. दांडी उघडून चाक खाचेत नुसते टेकवून फिरवले तेव्हा ते छान हेलकावे घेत होते. दांडी बंद करताच पुन्हा थबकले. हब छर्ऱ्यांचाच आहे. १३ आणि १५ नंबरचे पातळ पान्हे आणून दुकानात नव्हे, स्वतःच्या ओट्यावर कोन पाव फेऱ्याहूनही कमी सैल केला. तीनदा चुकला, चौथ्यांदा जमला. उतारावर यामुळे फरक अवघ्या दोन-तीन पावलांचा पडला, म्हणजे बेअरिंगचा वाटा लहान असतो हे म्हणणे खरे ठरले. सीटही साडेतीन सेंटिमीटर खाली निघाली; पायाची लांबी ८२ सेंटिमीटर असल्यामुळे ती आता ७२.४वर आणली आहे, मात्र एकदम न वाढवता दर दोन दिवसांनी थोडीथोडी.

एक शंका राहते. कोन काढला तेव्हा त्याच्या चकचकीत धारेवर सुईने टोचल्यासारखे दोन बारीक खड्डे दिसले. तो तसाच चालवावा का?

जुना पान्हा

चालवू नका. ते खड्डे आवळून चालवल्याचेच फळ आहे आणि ते वाढतच जातील. त्याच मापाचा कोन घ्या, जुना सोबत नेऊन आटे जुळवून पाहा. छर्रेही नवे घाला. मागच्या चाकाला बहुधा पाव इंची, प्रत्येक बाजूला नऊ असे अठरा लागतात, तरी खोलताना स्वतः मोजा. हबमधील छर्रे ज्यात बसतात त्या कपाच्या आत बोट फिरवून खरखर लागते का ते पाहायला विसरू नका, कारण कोन बदलता येतो, कप गेला तर मात्र हबच बदलावा लागतो.

पहाटस्वार

मोजले, नऊ आणि नऊच निघाले. कप गुळगुळीत आहेत. कोन आणि छर्रे मिळून जो खर्च आला, तो नव्या चाकांच्या किमतीपुढे अगदीच किरकोळ आहे. पंक्चर-रोधक पट्टी कपाटात ठेवली आहे. रविवारी तिच्याविना कामशेतला निघतो, सोबत दोन जादा ट्यूब घेऊन.